सही कोणाची?

कामठ्यात सकाळी अंगणात उभं राहिलं की गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं प्रशिक्षणाचं छोटं विमान डोक्यावर घिरट्या घालताना दिसतं. त्या विमानाची देखभाल झाली की परवानाधारक अभियंता कागदावर सही करतो. ती सही नसली तर विमान जमिनीवरच राहतं, मग चालवणारा कितीही तयारीचा असो. त्याच आभाळाखाली एका राइस मिलमध्ये गडी एलिव्हेटरच्या माथ्यावर चढतो आणि चालू पट्ट्याशेजारी हात घालून बेअरिंगला ग्रीस भरतो. तुझ्याकडे कागद आहे का, असं त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही.

निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा असते. पोराला मशीन मेंटेनन्सचं सर्टिफिकेट करू द्यावं का? परवडेल का? पुढे फळेल का? माझ्या मते कागदाचं मोल त्याच्या फीवरून ठरत नाही. त्या कागदावाचून कोणाचं काम अडतं, यावरून ठरतं.

आधी खर्च बघू. शासकीय आयटीआयची फी कमी आहे, त्यामुळे लोक म्हणतात फुकटात होतं. फुकटात होत नाही. फिटर किंवा मशीन टूल्स मेंटेनन्सचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तेवढ्या काळात पोरगा मजुरीला गेला असता. दिवसाचे 400 रुपये आणि महिन्याचे 25 दिवस धरले तर महिना 10,000, दोन वर्षांचे 2,40,000. पुढे वर्षभर अ‍ॅप्रेंटिसशिप. 2019 च्या नियमांनुसार आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान 7,000 रुपये, म्हणजे मजुरीपेक्षा 3,000 कमीच. वर्षाची तूट 36,000. सगळं मिळून 2,76,000 रुपये. बसभाडं, खोली, डबा अजून धरलेलाच नाही. हा पैसा गरीब घर भरतं आणि त्याची पावती कुठेच फाटत नाही.

आता फळ. कागदामुळे हेल्परपेक्षा महिन्याला 5,000 जास्त मिळाले तर हा खर्च साधारण साडेचार वर्षांत फिटतो. फक्त 2,000 जास्त मिळाले तर साडेअकरा वर्षं लागतात. सगळा फरक पहिली नोकरी कुठे लागते त्यावर आहे. तिरोड्याचा 3,300 मेगावॅटचा वीजप्रकल्प, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा ट्रकचा कारखाना, मॉइलच्या मॅंगनीज खाणी, असल्या ठिकाणी फिटरच्या भरतीला आयटीआयचा कागद लागतो. गोंदियाच्या मिलमध्ये तो सहसा कोणी मागत नाही. तिथे हात बघतात आणि हाताला हेल्परचा पगार देतात.

तो हात मी जवळून पाहिला आहे. शेलरमध्ये रबराचे दोन रोल असतात. एक जोरात फिरतो, दुसरा हळू, आणि त्या फरकानेच धानाचं टरफल सुटतं. रबर झिजलं की तो फरक कमी होतो. मग चालवणारा रोल आवळत जातो आणि दाणा तुटायला लागतो. मिलमधला जुना मिस्त्री शेलरखाली ओंजळ धरतो, तांदूळ बोटांनी पसरतो, तुकडा बघतो आणि म्हणतो, "रोल बदला जी, आता आवळू नका." बेअरिंगवर तळहात ठेवून ते किती तापलं ते सांगतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावून आतली गोळी फुटली का ते ओळखतो. पुलीला सुतळी लावून पट्ट्याची ओळ तपासतो. वीस वर्षं हे करतो आहे. मस्टरवर त्याच्या नावापुढे मात्र अजून ‘अकुशल’ आहे.

मिलवाल्यांनी इथे जरा हिशेब करावा. सरकारी भरडाईत 100 किलो धानामागे 67 किलो अरवा, म्हणजे न उकडलेला तांदूळ द्यावाच लागतो, उष्णा, म्हणजे उकडा असेल तर 68. उतारा घटला की भर खिशातून. दिवसाला 200 क्विंटल भरडणाऱ्या मिलमध्ये खराब रोलमुळे क्विंटलमागे एक किलो गेला, तरी रोज दोन क्विंटल तांदूळ गेला. किलोला 30 रुपये धरले तर दिवसाचे 6,000. मिस्त्रीचा अर्ध्या महिन्याचा पगार एका दिवसात कोंड्यात जातो. असा माणूस महाग कसा म्हणता?

आणि हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 22 होतं. चालू यंत्राला तेल द्यायचं, पट्टा सरकवायचा, तर खास प्रशिक्षण घेतलेलाच माणूस हवा, त्याच्या अंगावर मालकाने दिलेले घट्ट कपडे हवेत, त्याचं नाव रजिस्टरमध्ये हवं आणि नेमणुकीचं प्रमाणपत्र त्याच्या हातात हवं. इतकं स्पष्ट लिहिलं होतं. गळ्यात गमछा घालून फिरत्या शाफ्टजवळ वाकलेला गडी पाहिला की मला ते कलम आठवतं आणि राग येतो.

कायद्याने जिथे कागद खरोखर मागितला, तिथे चित्र वेगळं आहे. उष्ण्या तांदळाच्या मिलमध्ये बॉयलर असतो आणि तो चालवायला सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला अटेंडन्ट लागतो. वायरमनच्या परवान्याचंही तसंच. अशा माणसाला पगाराचं बोलताना मान खाली घालावी लागत नाही, कारण तो नसेल तर वाफ धरता येत नाही. हातात पैसे मोजके असतील तर ते असल्या कागदावर घाला.

तीन-चार महिन्यांत ‘इंडस्ट्रियल मेंटेनन्स एक्स्पर्ट’ करून देणाऱ्या खासगी दुकानांवर मात्र घालू नका. आमच्या ओळखीतल्या एका घराने धान विकून अशी फी भरली. पोराने तिथे बेअरिंग पाहिलं ते पडद्यावर. पुलरने बेअरिंग काढायची वेळ पहिल्यांदा आली ती नोकरीत, आणि त्याने हातोडा घातला. चूक पोराची नव्हती.

वीस वर्षांच्या मिस्त्रीलाही वाट आहे. अनुभवाच्या दाखल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसता येतं. पण तो दाखला मालकाने द्यायचा असतो. मालक कचरतो, कारण दाखला दिला की माणूस कुशल ठरतो आणि कुशलाचं किमान वेतन द्यावं लागतं. मिलवाल्यांनो, हा दाखला अडवू नका. त्याने तुमचा तांदूळ वाचवला आहे.

आणि प्रवेश घ्यायला निघालेल्या पोराच्या बापाला सांगतो. फीचं कार्ड बघण्याआधी वर्कशॉपमध्ये जा. लेथवर बोट फिरवा. बोटाला तेल आणि लोखंडाचा कीस लागला तर पोराला तिथे घाला. कोरडी धूळ लागली तर तसेच परत या.