फोकस मास्तर

विजेवर चालणारी दुचाकी दारात आली की तिच्या पाठोपाठ, आमंत्रण नसतानाही, जो गृहस्थ हजर होतो त्याला कोपरगावात ‘फोकस मास्तर’ म्हणतात. तो शिक्षक असतोच असे नाही. बहुधा निवृत्त वायरमन असतो, क्वचित साखर कारखान्याच्या विद्युत विभागात उमेदवारी केलेला. गाडीचा रंग, किंमत, अनुदान यांपैकी कशाचेही त्याला कुतूहल नसते, त्याची नजर थेट पुढच्या दिव्यावर जाते आणि मालकाने पुढे केलेला पेढा हातात तसाच धरून तो एकच वाक्य उच्चारतो : “आधी भिंत दाखवा.”

भिंत ही मास्तरांची प्रयोगशाळा होय. गाडी भिंतीपासून ८ मीटरवर उभी करायची, आसनावर मालकाला बसवायचे (मालक सडपातळ असल्यास त्याच्यामागे मेहुण्यालाही), दिव्याच्या उंचीला खडूची आडवी रेघ ओढायची आणि डिपर, म्हणजे जवळचा झोत, लावून उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या चार बोटे खाली पडते की नाही हे पाहायचे, असा हा विधी आहे. ८ मीटर हा आकडा त्यांच्या मनचा नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६व्या नियमानुसार दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा लागतो आणि ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना त्याने दिपवता कामा नये. हा नियम मास्तरांना तोंडपाठ आहे आणि गल्लीला मास्तरांमुळे ऐकून ऐकून पाठ झाला आहे. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले असता पोहे संपताच त्यांनी वधूपित्याकडे भिंतीची चौकशी केली, तेव्हा मुलाकडच्यांना घरातला वाटा हवा आहे असे समजून ती मंडळी बराच वेळ गप्प बसली होती. त्यांच्या आळीतील रंगारी तर आता कोणतीही भिंत घासण्यापूर्वी मास्तरांची परवानगी घेतात.

“मास्तर, किती वॅटचा टाकू?” असे एखाद्या तरुणाने विचारले की व्याख्यानास आरंभ होतो. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज, लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडलेला एकूण उजेड आणि लक्स म्हणजे त्यातला चौरस मीटरभर जागेवर प्रत्यक्ष पडलेला उजेड; खोक्यावर पहिले दोन आकडे मोठ्या अक्षरांत छापतात, खड्डा मात्र तिसऱ्यामुळे दिसतो, आणि अंतर दुप्पट झाले की तो तिसरा चौथाईवर येतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, मेंदूने हाताला निरोप देण्याचा वेळ धरून, थांबेपर्यंत सुमारे ३० मीटर पुढे जाते. तेव्हा तेवढा रस्ता उजळणारा दिवा घ्यावा, आणि उसाच्या वाटेवरच्या धुळीत किंवा गोदाकाठच्या धुक्यात निळसर पांढरा उजेड आपल्याच डोळ्यांवर परततो म्हणून पिवळसर छटेचा घ्यावा, असा त्यांचा आग्रह असतो. दिव्याने बॅटरी उतरते ही भीती ते हसण्यावारी नेतात, कारण धावती मोटर हजारभर वॅट ओढत असताना १२ वॅटच्या दिव्याने फारसे काही बिघडत नाही. मात्र ६० व्होल्टच्या बॅटरीला १२ व्होल्टचा दिवा थेट जोडणाऱ्यास, म्हणजे मधल्या कन्व्हर्टरला, त्या दाब उतरवणाऱ्या डबीला, वगळणाऱ्यास, ते भिंतही दाखवू देत नाहीत. ही त्यांच्या दरबारातील कमाल शिक्षा होय.

या वेडाला स्थानिक कारण आहे. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला असला तरी दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. म्हणून तिच्या वाट्याला नगर-मनमाड रस्ता आणि गळीत हंगामात कोळपेवाडी व संजीवनी कारखान्यांकडे निघालेल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी अशा ट्रॉल्या येतात. समोरून एकाच दिव्यावर येणारा ट्रॅक्टर मोटारसायकल वाटतो आणि फसवतो. त्याला मास्तर ‘शुक्राचार्य’ म्हणतात, आणि झारीत बसून एक डोळा गमावलेल्या त्या गुरूचे मंदिर गावच्याच बेटात असल्याने याची फोड कोणास करावी लागत नाही. शिवाय विजेची गाडी आवाज करीत नाही. पेट्रोलची गाडी निदान ओरडून येते, हिला उजेडानेच आपली वर्दी द्यावी लागते. शेतीची वीज रात्री आली की उसात बिबट्याची धास्ती घेऊन पाणी भरायला निघणाऱ्याला उजेडाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

एवढे सगळे जाणणारे मास्तर स्वतः मात्र दिवस मावळल्यावर गाडी काढीत नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, समोरचा प्रत्येक दिवा त्यांना फुटक्या आरशासारखा विखुरलेला दिसतो, आणि शस्त्रक्रियेचा विषय काढला की ते “हंगाम उरकू द्या” म्हणतात. हंगाम दरवर्षी उरकतो. दुसऱ्याचा झोत डोळ्यांत घुसतो तेव्हा काय होते हे त्यांच्याइतके कोणी जाणत नसेल, आणि भिंतीच्या आग्रहामागे हेच असावे, असा तर्क शेजारी करतात, अर्थात त्यांच्या माघारी.

मास्तर कंटाळवाणे आहेत, याबद्दल आळीत दुमत नाही. तरीही दिव्यामागचा स्क्रू अर्धा फेरा फिरवण्याचे ते पैसे घेत नाहीत. तेव्हा कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी ज्यांना गाडी दाखवायची असेल त्यांनी त्यांना उजेडी घरी बोलवावे, अंधार पडेपर्यंत बसवून घ्यावे आणि परत पोहोचवण्यास कोणीतरी सोबत द्यावे. चहा ते बिनसाखरेचा घेतात.