विषय : सरकारी धोरणास विरोध दर्शविणेबाबत

पत्राच्या आधी पत्ता. सरकारचं एखादं धोरण पटत नाही म्हणून मालेगावकर तावातावाने कागद पुढे ओढतो आणि पहिल्याच ओळीला अडतो. लिहायचं कोणाला? जिल्हा नाशिक, पण खासदार धुळ्याचा. मालेगाव नावाचा लोकसभा मतदारसंघ 2009 च्या निवडणुकीपासून उरलेलाच नाही. आमदार दोन, एक 'मध्य'चा, एक 'बाह्य'चा. आपण आत आहोत की बाहेर, हा प्रश्न अध्यात्मात अवघड असला तरी इथे मतदार यादीत सुटतो : 114 म्हणजे मध्य, 115 म्हणजे बाह्य. पत्र चुकीच्या आमदाराकडे गेलं तरी हळहळू नये. उलट उत्तर येण्याची शक्यता तिथेच जास्त. 'सदर बाब आमच्या मतदारसंघात येत नाही' हे लिहायला कुठल्याही कार्यालयाला वेळ लागत नाही.

प्रतिनिधी विरोधी पक्षाचा असेल तर वेगळीच पंचाईत. खासदार काँग्रेसच्या, 'मध्य'चे आमदार एमआयएमचे. यांना सरकारविरुद्ध पत्र लिहिलं की ते तुमच्याशी मनापासून सहमत होतात, आणि एवढी सहमती झाल्यावर पुढे करण्यासारखं काही राहत नाही. पत्र लागायला हवं असेल तर ते सत्तेतल्या माणसाला लिहावं.

ही सोय 'बाह्य'वाल्यांना आहे. त्यांचे आमदार दादाजी भुसे डिसेंबर 2024 पासून राज्याचे शालेय शिक्षणमंत्री आहेत, म्हणजे मायना 'मा. आ.' नव्हे, 'मा. ना.'. अडचण एवढीच, की मंत्र्यांच्या नावातच दादा. 'दादा, आपल्या निर्णयाचा आम्ही तीव्र निषेध' इथपर्यंत लिहून पाहा. वाक्य निम्म्यावर येईतो राग ओसरतो आणि पुतण्याची बदली आठवते. तरी लिहावं, कारण अलीकडचा सगळ्यात चांगला धडा याच खात्यातला आहे.

16 एप्रिल 2025 ला शासन निर्णय निघाला : मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. ओरड झाली. 17 जूनला सुधारित निर्णय आला. त्यात 'अनिवार्य' गेलं, 'सर्वसाधारणपणे' आलं, आणि हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर वर्गात किमान 20 विद्यार्थी तयार हवेत अशी अट आली. विरोधकाने इथे थांबून नीट बघावं. तुमच्या पत्रात सगळा भर 'अनिवार्य'वर असेल, तर सरकारने तेवढाच शब्द उचलून घेतल्यावर तुमचं पत्र मागणी मान्य झाल्याच्या थाटात फायलीत जाऊन झोपतं. म्हणून पोराच्या दप्तरात आणि वेळापत्रकात काय वाढणार, त्याला विरोध करावा. 'सहा वर्षांच्या पोराला तीन भाषा झेपत नाहीत' हा मुद्दा मात्र मालेगावात दबक्या आवाजात मांडावा. शेजारच्या उर्दू शाळेतली पोरं उर्दू, मराठी, इंग्रजी पहिलीपासूनच रेटताहेत, आणि 'मालेगाव के शोले' या सिनेमाचे संवाद वर पाठ.

पुढची गोष्ट जास्त शिकवणारी. राज ठाकरे यांनी राज्यातल्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. 26 जूनला शिक्षणमंत्री स्वतः त्यांच्या घरी भूमिका समजावायला गेले. 5 जुलैच्या मोर्चाची हाक होती; 29 जूनलाच दोन्ही निर्णय रद्द झाले आणि विषय समितीकडे गेला. म्हणजे पत्र लिहिलं की मंत्री घरी येतात हे सिद्धच आहे, फक्त पत्राच्या मागे मोर्चा लागतो. तो आपल्याकडे नसल्याने आपण शेवटी एक ओळ घालतो : 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.' तारीख घालू नये. तारीख घातली की त्या दिवशी जावं लागतं.

विषय कांद्याचा असेल तर विशेषणं सगळी काढून टाकावीत. 2018 च्या नोव्हेंबरअखेर निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 750 किलो कांद्याचे हाती आलेले 1,064 रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डरने धाडले. कमिशनचे 54 रुपये पदरचे. पैसे परत आले, पण बातमी देशभर गेली. माझ्या मते जिल्ह्यातून दिल्लीला गेलेलं इतकं नेटकं विरोधपत्र दुसरं नाही. त्यात 'महोदय'सुद्धा नव्हतं. आता त्याची नक्कल करू नये, कारण दुसऱ्या मनीऑर्डरची बातमी होत नाही. त्यापेक्षा मुहूर्त पाहावा. कांद्याची निर्यातबंदी 8 डिसेंबर 2023 ला आली; शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, लिलाव बंद पाडले, निवेदनांची रद्दी झाली. बंदी उठली 4 मे 2024 ला. धुळे, नाशिक, दिंडोरीचं मतदान 20 मे ला होतं. सरकारी टपालाला वेग कधी येतो, ते या दोन तारखांवरून कळतं.

सह्या किती घ्याव्यात? लाखांच्या मागे लागू नये. वक्फ सुधारणा विधेयकावरच्या संयुक्त संसदीय समितीकडे विरोधाची आणि पाठिंब्याची मिळून 97 लाखांवर निवेदनं गेली. क्यूआर कोडवर मोबाइल धरला की पत्र आपोआप तयार. समितीने ती मोजली, आकडा संसदेत अभिमानाने सांगितला गेला आणि एप्रिल 2025 मध्ये विधेयक संमत झालं. याउलट 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायलाच किमान 50 माणसांचं मुखत्यारपत्र लागे. पन्नास माणसं मालेगावात एका चहाच्या हॉटेलात सापडतात, आणि त्यांच्यात विधेयक न वाचलेला परंतु त्यावर ठाम मत असलेला निदान एक वकीलही असतो.

या पन्नासांची किंमत कमी समजू नये. 2024 ला 'मध्य'चा निकाल 162 मतांनी लागला. धुळे लोकसभेचा 3,831 मतांनी. म्हणून सहीपुढे यादी भाग क्रमांक लिहावा आणि घरात मतं किती, तेही. धमकी देऊ नये. नुसतं 'आमच्या गल्लीत मतदार 171' एवढं लिहून 'कळावे, लोभ असावा' म्हणावं. लोभ आपोआप वाढतो.

पोस्टाने पाठवू नये, हातात द्यावं. देताना चार जण सोबत आणि पाचवा फोटो काढायला. आपल्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय हलू नये. साहेब बाहेर आहेत हे शिक्का न देण्याचं कारण नाही, शिक्का साहेबांकडे नसतोच.

मग वाट पाहावी. शाळेविषयीचं पत्र असेल तर ते मंत्र्यांकडून 'उचित कार्यवाहीस्तव' सचिवांकडे जाईल, तिथून आयुक्तांकडे, मग नाशिकला शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग मालेगावच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि अखेर तुमच्या पोराच्या शाळेत. एके दिवशी मुख्याध्यापक बोलावून घेतील. टेबलावर तुमचंच पत्र असेल, सात शिक्क्यांसह. खुर्ची देतील, चहा सांगतील आणि म्हणतील, "यावर दोन दिवसांत स्वयंस्पष्ट अहवाल मागवलाय हो. तुमचं मराठी चांगलं आहे, तेवढा लिहून देता का?"