६१७४ नंबरची गाडी

शतपावली म्हणजे शंभर पावलं, हे आमच्या सोसायटीत कोणालाच मान्य नाही. मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर (सेक्रेटरींच्या मते आठ) आमची तळ अधिक तीन मजल्यांची इमारत आहे. अठ्ठावीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. रात्री साडेनऊला जेवणं आटोपून आम्ही पाच-सहा जण खाली उतरतो आणि इमारतीला फेऱ्या मारतो. एक फेरी बँकवाल्या काकांच्या पावलांनी एकशे चाळीस भरते, माझ्या पावलांनी एकशे बावीस. शंभरावर थांबायचं म्हटलं तर माणूस नेमका कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा राहतो. तेव्हा शतपावली नक्की किती फेऱ्यांची, हा वाद गेली कित्येक वर्षं शिल्लक आहे. तो शिल्लक आहे म्हणूनच आम्ही रोज खाली उतरतो, असं माझं मत.

मंडळी मोजकीच. बँकवाले काका तीस वर्षं कॅशमध्ये बसले, त्यामुळे कुठलाही आकडा ते बोटाला थुंकी लावूनच उच्चारतात. आयआयटीवाल्याचे बाबा स्वतः एलआयसीत होते, पण मुलगा आयआयटीत गेल्या दिवसापासून गणिताचा शेवटचा शब्द यांचा. (पवई इथून रिक्षाच्या अंतरावर, मुलगा गेला गुवाहाटीला. त्यावर बोलायचं नाही.) मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि अजून खिशात खडू ठेवतात. सेक्रेटरींना गणितात रस नाही. ते फक्त इतिवृत्त ठेवतात. तळमजल्यावरच्या मावशी डब्यांच्या पोळ्या करतात, फेऱ्या मारत नाहीत, खिडकीतून ऐकतात. आणि मी. मला बारावीला गणितात पस्तीस होते, हे इथे कोणाला माहीत नाही.

सुरुवात त्या हरवलेल्या रुपयापासून झाली. तुम्हीही तो कधी ना कधी शोधला असेल. तीन मित्र हॉटेलात खातात. बिल तीस रुपये, प्रत्येकी दहा काढतात. मग मालकाच्या लक्षात येतं की बिल पंचवीसच होतं. तो पोऱ्याजवळ पाच रुपये परत पाठवतो. पोऱ्या दोन खिशात घालतो आणि तिघांच्या हातावर एकेक ठेवतो. म्हणजे प्रत्येकाला नऊ पडले. नऊ त्रिक सत्तावीस, पोऱ्याचे दोन, झाले एकोणतीस. तिसावा रुपया कुठे गेला?

हा रुपया आम्हाला नऊ रात्री पुरला. पहिल्या रात्री बँकवाल्या काकांनी पोऱ्यावर संशय घेतला. दुसऱ्या रात्री मालकावर. तिसऱ्या रात्री आयआयटीवाल्याचे बाबा म्हणाले, तीस भागिले तीन बरोबर येतं, पण पंचवीस भागिले तीन म्हणजे आठ पॉइंट तीन तीन तीन, आणि ते तीन संपतच नाहीत. रुपया तिथे अडकलाय. या उत्तरात इतका दम होता की दोन रात्री कोणी काही बोललं नाही. सहाव्या रात्री प्रत्यक्ष प्रयोग झाला: तीन मित्र म्हणून आम्ही तिघं, मालक मास्तर, पोऱ्या म्हणून वॉचमन. प्रयोगाअंती माझे खरोखरच दोन रुपये कमी भरले.

नवव्या रात्री मावशी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या. "अहो काका, गल्ल्यात किती?"

"पंचवीस."

"पोऱ्याकडे दोन, या तिघांकडे तीन. झाले ना तीस? पोऱ्याचे दोन त्या सत्तावीसातलेच. ते वजा करायचे सोडून तुम्ही परत मिळवताय कशाला?"

बादली रिकामी करून त्या आत गेल्या. नंतरच्या चार रात्री आमच्या फेऱ्या झाल्या, पण नुसत्या चपलांच्या आवाजात. तेव्हा मला कळलं की आम्हाला उत्तर नकोच होतं. उत्तर मिळालं की माणसं वर जाऊन टीव्ही लावतात.

२०१९ साली मात्र चंगळ झाली. जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक आलं आणि त्यात संख्या 'वीस एक, वीस दोन' अशाही वाचायला सांगितल्या होत्या. सगळा महाराष्ट्र भाषातज्ज्ञ झाला. विधानसभेत तर खुद्द मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'ची फोड करून झाली. आमच्याकडे बँकवाले काका इतके संतापले की त्यांनी फेरी उलट्या दिशेने मारली. ज्यांच्या समितीनं हे केलं त्या मंगला नारळीकर. 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या बाई, आयुष्यभर गणितात मुरलेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी बोलतो आणि चार आधी लिहितो, त्यात पोरं गोंधळतात. मास्तर म्हणाले, खरं आहे, माझ्या वर्गात निम्मी पोरं चौऱ्याहत्तर लिहायची. काका म्हणाले, आम्ही नाही का शिकलो? तेवढ्यात त्यांच्या नातवानं खाली येऊन विचारलं, "आजोबा, भाजीवाला एकोणसत्तर म्हणतोय, म्हणजे सेव्हंटी नाइन ना?" काकांनी त्याला शंभराची नोट देऊन पिटाळलं. माझा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता: एकोणऐंशी, एकोणनव्वद असं शिस्तीत आलेल्या भाषेनं शंभराच्या तोंडाशी येऊन एकदम नव्व्याण्णव का म्हणावं? तो कोणी मनावर घेतला नाही.

त्याच पावसाळ्यात जगभर आठ भागिले दोन, कंसात दोन अधिक दोन, हे गणित फिरलं. उत्तर सोळा की एक? आमच्याकडे सोसायटी मधोमध दुभंगली. मराठी माध्यमाची फळी 'कंचेभागुबेव'चा गजर करत होती: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. भागाकार आधी, म्हणून सोळा. आयआयटीवाल्याचे बाबा म्हणाले, दोन कंसाला चिकटलाय, चिकटलेल्याला आधी सोडवायचं, उत्तर एक. मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "बाबा, असं कोणी लिहितच नाही. लिहिणाऱ्याला नीट कंस घालायला सांगा," आणि फोन ठेवला. माझ्या मते हेच खरं उत्तर होतं. पण ज्या उत्तरात समोरचा हरत नाही त्याला आमच्याकडे उत्तर मानत नाहीत.

मग आला शून्य सावलीचा दिवस. मुंबई कर्कवृत्ताच्या खाली, एकोणीस अंशांवर. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या अगदी डोक्यावरून जातो: उत्तरेकडे जाताना मेच्या मध्याला, परत येताना जुलै संपताना. जुलैतला ढगांच्या पोटात जातो, म्हणून हाताशी एकच. दिल्लीकरांच्या बरोब्बर डोक्यावर सूर्य कधीच येत नाही, असं मास्तरांनी सांगितलं तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं.

गच्चीची चावी सेक्रेटरींकडे असते आणि ती लेखी अर्जाशिवाय मिळत नाही. अर्जात 'कारण' या रकान्यात मी 'सावली नसणे' असं लिहिलं. आम्ही पावणेबारालाच वर गेलो, कारण बँकवाल्या काकांचा आग्रह की दुपार म्हणजे बारा. पाण्याचा एक पाइप उभा केला, शेजारी स्टीलचा तांब्या ठेवला. बारा वाजले. पाइपाची सावली मजेत पडलेली होती. काका म्हणाले, पाइप वाकडा आहे. बारा दहाला म्हणाले, इमारत वाकडी आहे. इथे सेक्रेटरींनी ते वाक्य इतिवृत्तात घ्यायला नकार दिला, कारण पुढे-मागे पुनर्विकासाचा प्रश्न निघतो.

मास्तरांनी खडू काढून टाकीवर हिशेब मांडला. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, म्हणजे मिर्झापूरकडचं. मुलुंड त्र्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, साडेनऊ अंशांना अडतीस. मे महिन्यात सूर्य तीन-चार मिनिटं आधीच माथ्यावर येतो, ती वजा करा. बारा पस्तीसपर्यंत कोणी हलू नका. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून काका जरा निवळले: देशाला प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, पण मुंबईनं आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत जपली होती, सुमारे एकोणचाळीस मिनिटं मागे. जवळजवळ पन्नास वर्षं या शहरात 'किती वाजले' या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं होती. काका म्हणाले, "म्हणजे माझं बारा चुकीचं नव्हतं. फक्त जुनं होतं."

बारा पस्तीस. पाइपाची सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. तांब्या नुसताच उभा, कुठूनतरी कापून चिकटवल्यासारखा. आम्ही पाच पोक्त माणसं स्वतःच्या पायाकडे बघत उभे होतो, आणि सावली पाहायला म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो. कर्र असा आवाज आला. मी मावशींच्या साबुदाण्याच्या पापड्यांवर उभा होतो.

मावशी वर आल्या. त्यांनी आधी पापड्या मोजल्या, मग आम्हाला. "सावली जाते हे बघायला एवढी माणसं? पंधरा मेनंतर या टाकीची दुपारची सावली पलीकडच्या अंगाला पडायला लागते. आषाढापर्यंत तिकडेच. मी चादर इकडे हलवते ती काय उगाच?"

मास्तर टाकीकडे पाहत राहिले. सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकला की दुपारची सावली दक्षिणेला पडणार, हे त्यांनी छत्तीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं. प्रत्यक्षात टाकीची सावली कुठे पडते हे बघायला ते गच्चीवर कधी आले नव्हते. मीही नाही. अर्ज कोण करणार?

या प्रकरणानंतर मावशींचा शब्द सोसायटीत प्रमाण झाला, आणि तिथेच घोटाळा झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की फ्रिजचं दार उघडं ठेवलं की खोली गार होते. आता फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून खोलीतच सोडतो, वर मोटरची भर. दार उघडं ठेवाल तितकी खोली तापणार. हे मास्तरांना ठाऊक होतं, आयआयटीवाल्याच्या बाबांनाही मुलाकडून कळलं होतं. पण पापड्यांनंतर मावशींना चुकलात म्हणायची हिंमत कोणाची? दोन बिऱ्हाडांनी महिनाभर दार उघडं ठेवलं. त्यातलं एक माझं. विजेचं बिल आल्यावर मी म्हटलं, "मावशी, गार तर काही होत नाही." त्या म्हणाल्या, "तुमचा फ्रिज जुना असेल."

आता गाडीबद्दल. मास्तरांनी एका रात्री कापरेकरांची गोष्ट सांगितली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा, देवळालीत शाळामास्तर. हातात कागद आणि पेन्सिल, बाकी काही नाही. त्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथून हलत नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा जगाला हे नाव कळलं. त्यांच्या आणखी एका प्रकारच्या संख्या आहेत, डेमलो. अकराचा वर्ग एकशे एकवीस, एकशे अकराचा १२३२१, त्या वळणाच्या. जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनवर त्या सुचल्या त्याचंच नाव त्यांनी दिलं. डेमलो म्हणजे आपली डोंबिवली.

"डोंबिवली?" आयआयटीवाल्याचे बाबा थांबलेच. "ठाण्याच्या पुढे?"

मुलुंडमध्ये गाडी थांबते, पण गणित पुढे डोंबिवलीला जाऊन सुचावं, हे त्यांना पचलं नाही.

हे सगळं वॉचमन ऐकत होता. त्यानं माझ्या स्कूटरचा नंबर घेतला, ३५२४. ५४३२ मधून २३४५ गेले ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले ६१७४. त्याचे डोळे चमकले. त्या रात्रीपासून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर तो रजिस्टरात लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात उत्तर. गॅसवाल्याच्या टेम्पोनं, २००५, पुऱ्या सात वजाबाक्या घेतल्या. त्या समासात न मावल्यामुळे 'भेटीचे कारण' इथे गेल्या.

महिनाअखेरीला सेक्रेटरींनी रजिस्टर तपासलं. प्रत्येक ओळीच्या टोकाला एकच नंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर त्यांच्या सहीनं सूचना लागली:

"६१७४ या नंबरची गाडी वारंवार आपल्या आवारात येत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर गाडीस यापुढे प्रवेश देऊ नये."

ही सूचना अजून आहे. ती काढावी की ठेवावी यावर रोज रात्री साडेनऊला चर्चा असते. कितीही गाड्या आल्या तरी उत्तर तेच येतं, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी नवीन गाडी आली की आम्ही सहाही जण गेटपाशी जमतो आणि किती वजाबाक्या लागतील यावर चहाची पैज लावतो. मावशी खिडकीतून आकडा सांगतात. हल्ली बहुधा चुकतात.

कधी मुलुंडला आलात तर जरूर डोकवा. गेटवर गाडीचा नंबर लिहावा लागेल. चारही आकडे सारखे असतील तर मात्र गाडी बाहेरच लावून या.