दहावा चढला आणि आठ पडला

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मोठ्याने वाचायला दिली, की भलेभले पदवीधर कोटीपर्यंत रेटतात, पुढे ‘अब्ज’ असं काहीसं पुटपुटतात आणि मग चष्मा पुसायला घेतात. खरं तर तिची सोय आपल्याकडे केव्हाच झालेली आहे. भास्कराचार्यांच्या ११५०च्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा घरांना अठरा नावं आहेत. त्या हिशेबाने ही संख्या अशी: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. म्हणून बघा, आरतीसारखं होतं.

यात मध्य हा अंत्याच्या दहापट, म्हणजे अंत्य आटोपल्यावर मध्य येतो. वक्ता ‘शेवटी एवढंच सांगतो’ म्हणाला, की भाषण निम्म्यावर आलेलं असतं, हे ज्ञान इतकं जुनं आहे.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग. प्रस्तुत लेखकाने आधी दुकानातल्या बारा घरांच्या कॅल्क्युलेटरला विचारलं. त्याने हात वर केले. एक्सेलने उत्तर दिलं, पण तो पंधरा अंकांपलीकडे लक्षात ठेवत नाही, म्हणून शेवटच्या २१ वर सरळ ०० ठेवून मोकळा झाला. अखेर लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू कामी आली. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन करत नऊ एक जमतात आणि पुन्हा ओसरतात. हातचा कुठेच नाही. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग. आणि या अवाढव्य संख्येला भागणारे विभाजक मोजून ४५, म्हणजे एक ते नऊची बेरीज! हा निव्वळ योगायोग आहे, पण पत्रिकेच्या पाठीवर योगायोगही शोभून दिसतो.

अशा वर्गांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणत. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. ६१७४ मुळे जगभर नाव झालेले तेच हे. डेम्लो हे कुणा ग्रीक पंडिताचं नाव वाटतं, पण ते जीआयपी रेल्वेवरचं एक स्टेशन. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला. आज त्याच स्टेशनाला डोंबिवली म्हणतात.

डोंबिवलीकरांना पुढचं गणित समजावून सांगावं लागणार नाही. नऊ एक आत आहेत तोवर सगळं शिस्तीत. आता दहावा चढवा. मधल्या रकान्यात दहा झाले, तिथे शून्य उरून हातचा एक डावीकडे ढकलला. डावीकडचा नऊ त्या धक्क्याने दहा झाला. त्यानेही शून्य ठेवून धक्का पुढे पाठवला. त्याच्या शेजारचा आठ नऊ झाला. आणि उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१.

डावीकडचा आठ गेला कुठे? उजवीकडचे सगळे जागच्या जागी, जणू खिडकीपाशी बसलेत, कारण हातचा नेहमी डावीकडेच जातो. अकरावा चढवून पाहिला: १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. आठाचा पत्ता नाही. बारावाही चढवला, तरी नाही. शेवटी लेखकाने एकाला ८१ ने भागलं, तर दशांशचिन्हामागून ०१२३४५६७९, ०१२३४५६७९ अशी फेरी सुरू झाली, ती काही थांबेना. पत्रिका संपली, तोवर तरी आठ परत आलेला नव्हता.