पिवळा रंगारी

२०२३ साली नव्यानं आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ या व्हिडिओ गेममध्ये एक पात्र कधीच दिसत नाही, त्याचं काम मात्र जागोजागी दिसतं : पिवळ्या रंगाचा डबा घेऊन हिंडणारा रंगारी. गावकरी कुऱ्हाडी घेऊन अंगावर येताहेत, आणि हा बाबा शिडी, पिंप, खोकं, जे जे खेळाडूच्या कामाचं त्यावर फराटे मारून गेलाय. इथं चढा. हे फोडा.

२००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये वाट दाखवणारा बाणबिण नव्हता. कुणीतरी सांगायचं, पूल ओलांडा, खडकापाशी डावीकडे वळा. तासाभरानं आपण भलत्याच गुहेत. अगदी आपल्याकडे पत्ता सांगतात तसंच. २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’नं होकायंत्रावर खूण आणली आणि हरवायची सोयच गेली.

तसे आम्ही तरी कुठले शूर? ‘कॉन्ट्रा’त ३ जीव पुरेनात म्हणून वर-वर-खाली-खाली बटणं दाबून ३० उकळणारे! आणि आजचे सगळेच गेम काही सोपे नाहीत; ‘एल्डन रिंग’ही आजचाच, २०२२चा. वाटेवरच्या पहिल्याच घोडेस्वारानं मला अकरा वेळा लोळवलं. बाराव्यांदा उठताना वाटलं, याच्या पाठीवर कुणी एक पिवळा फराटा मारून ठेवला असता तर काय बिघडलं असतं?