उघडलंच आहे तर…

तात्या तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या गावात त्यांना अण्णा, बापू किंवा आप्पा म्हणत असतील. पण बॉनेटखाली खुपसलेलं डोकं तेच, बनियनवरचे ऑईलचे डाग तेच आणि वाक्यही तेच : "आता उघडलंच आहे तर…" हे वाक्य पुरं व्हायच्या आतच खर्च दुप्पट झालेला असतो.

आपले तात्या कोल्हापूरचे. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकातली टाटामोबाईल पिकअप आहे. टेल्कोनं ही गाडी 1988 मध्ये आणली आणि पुढं तिच्याच घराण्यात सिएरा, इस्टेट आणि 1994 मध्ये सुमो निघाली. ही वंशावळ तात्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. इंजिनाचं नाव 483, म्हणजे 4 सिलिंडर आणि 83 मिलिमीटरचं बोअर. एकूण 1948 सीसी. सुमोतही हेच इंजिन असल्यामुळं रस्त्यानं जाणारी प्रत्येक जुनी सुमो तात्यांना स्पेअर पार्टचं फिरतं दुकान वाटते. एकदा शेजारच्या लग्नात वऱ्हाड सुमोतून उतरलं, तेव्हा सगळा मांडव नवऱ्याकडं बघत होता आणि तात्या सायलेन्सरकडं. "धूर निळा आहे. ऑईल खातेय," एवढं बोलून त्यांनी मुलाच्या मामाला गाठलं आणि गाडी भंगारात काढायच्या आधी कळवा म्हणून फोन नंबर दिला.

मूळ दुखणं अगदी किरकोळ होतं. टॅपेट कव्हरातून ऑईल पाझरत होतं. उद्यमनगरातला मिस्त्री म्हणाला, "गॅस्केट बदलू, तासाभराचं काम." कव्हर निघालं. तात्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "उघडलंच आहे तर हेड उतरवून बघूया की." हेड उतरलं. बोअरवर बोट फिरवल्यावर वरच्या बाजूला झिजेची कड लागली. उघडलंच आहे तर रिंगा टाकायचं ठरलं. रिंगांसाठी पिस्टन काढायचे, पिस्टनसाठी खालचा चेंबर सोडायचा. चेंबर सुटल्यावर क्रँक दिसला, आणि क्रँक दिसल्यावर तात्यांना कोण आवरणार? मायक्रोमीटर लावला तर जर्नल लंबगोल झालेले. क्रँक दहा थाऊनं ग्राइंड करायचा, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग घासायचा आणि त्या मापाला जुळणारी जाड बेअरिंगं बसवायची. चेन कप्पीला टांगून इंजिन खाली आलं, तेव्हा मिस्त्रीनं क्लच प्लेटकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याला ठाऊक होतं, तात्या पाहणारच.

गॅस्केट शेवटी बदललं. ते पाकिटातून सगळ्यात उशिरा निघालं.

तात्यांच्या मुलानं मधे एक शहाणपणाचा पर्याय काढला होता. कुर्ल्याच्या बाजारातून तयार इंजिन आणायचं, जुनं काढायचं, नवं बसवायचं, विषय संपला. तात्यांनी त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ऐकवलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आरसी बुकात नंबर बदलून घ्यावा लागतो, नाहीतर पासिंगला गाडी अडते. हे सगळं खरंच आहे. पण खरं कारण त्यांनी रात्री काकूंना सांगितलं : "तयार इंजिन नुसतं बसवायचं? मग उघडायचं काय?"

काकूंनी 'उघडलंच आहे तर' हे वाक्य संसारात फार सोसलं आहे. मिक्सरचं भांडं गळतंय म्हटल्यावर मोटारीचे कार्बन बदलले गेले. नळाचा वॉशर बदलताना स्वयंपाकघराची अर्धी भिंत फुटली. कुकरची शिट्टी त्या आता परस्पर दुकानातून आणतात. कळस झाला तो हर्नियाच्या ऑपरेशनला. तात्यांनी भूल चढायच्या आधी सर्जनचा हात धरला आणि अगदी आपुलकीनं सुचवलं, "डॉक्टर, उघडतायच तर अपेंडिक्सही बघून घ्या."

इंजिन बांधून झालं की रनिंग-इन येतं. नव्या रिंगा बोअरवर नीट बसेपर्यंत इंजिनाला ताण द्यायचा नाही, मग पहिलं ऑईल लवकर बदलायचं. तात्यांनी हे व्रत पुणे-बंगळूर महामार्गावर पाळलं. ताशी 40 च्या पुढं काटा नाही, गाडीत माल नाही, मागं ट्रकांची रांग. हॉर्न वाजवणाऱ्यांना ते खिडकीतून हात काढून आशीर्वाद देत होते.

आणि तरीही या माणसावर फार काळ चिडता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा पाणी चढत असलेल्या गल्ल्यांतली कपाटं, गाद्या, शिलाई मशीन आणि माणसं याच पिकअपनं वर आणली. भाडं कुणाला विचारलं नाही. पाणी ओसरल्यावर तात्या चिखलानं माखलेल्या गाड्यांच्या मालकांना अडवत फिरले : "स्टार्टर मारू नका!" सिलिंडरात पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजाराचं काम लाखावर जातं. ज्यांनी ऐकलं त्यांची इंजिनं वाचली. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढं हेडही उतरवायला लावलं गेलं, ही गोष्ट वेगळी.

आता उद्यमनगरातला मिस्त्री थकला आहे. त्याचा मुलगा 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांवर काम करतो. त्या गाड्यांना आधी स्कॅनर लावतात, पडद्यावर कोड येतो, आणि पुष्कळदा अख्खा भागच काढून नवा बसवतात. तात्या एकदा तिथं तासभर उभे होते. कुणी काही उघडलं नाही. स्टूल दिलं, चहा दिला; ते न बसताच निघून आले. थाऊ मोजणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि जुन्या मालवाहू गाड्यांना दरवर्षी पासिंगच्या रांगेत उभं राहावं लागतं. तात्या त्या रांगेत निवांत असतात. पुढच्या गाडीचा धूर बघत वेळ बरा जातो.

यंदाचं पासिंग झालं. तपासणीत कुठलीच खोट निघाली नाही, फक्त एक गिअर पडताना किंचित अडतो असं तात्यांना स्वतःलाच वाटलं. त्यामुळं गिअरबॉक्स सध्या खाली आहे. कुणाला सामान हलवायचं असेल तर दिवाळीनंतर विचारा.