पेंढा भरलेल्या मंडळींना गोंदियाहून पत्र

प्रति,
समस्त पेंढा भरलेले रहिवासी,
प्राणी-पक्षी दालन, मध्यवर्ती संग्रहालय ऊर्फ अजब बंगला,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : सहकुटुंब भेटीस येत असल्याची पूर्वसूचना.

सन्माननीय मंडळी,

स. न. वि. वि. येत्या चैत्रात, पोरांच्या परीक्षा आटोपल्या की एखाद्या रविवारी आपल्या दर्शनाला यायचा बेत आहे. सोमवारी आपल्याला सुट्टी असते हे ठाऊक आहे. आपण उभं राहण्याशिवाय दुसरं काही करत नाही, तेव्हा आठवड्यातून एक दिवस आराम हवाच.

येणारी माणसं अशी : मी, बायको, दोन पोरं, आई आणि एक आतेबहीण. आतेबहिणीला खरं तर सीताबर्डीत साड्या बघायच्या आहेत, पण ती तसं म्हणत नाही. ‘पोरांना ज्ञान मिळते’ असं म्हणते. सकाळी गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडू. ही गाडी पुढे थेट कोल्हापूरला जाते, म्हणजे एका तिकिटात अख्खं राज्य बघायची सोय आहे. पण आमची धाव कामठी गेली की संपते. मधल्या 130 किलोमीटरांत रुळाच्या दोन्ही अंगांना पळसाची शेवटची फुलं असतील, उन्हाळी धानाच्या बांध्या हिरव्यागार असतील, मोहाखाली पहाटेपासून बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या असतील. त्यातलं काही आम्ही बघणार नाही. पोरं मोबाइलवर वाघाचे व्हिडिओ बघतील, मी डुलकी काढीन. निसर्ग बघायला आम्ही नागपूरला चाललो आहोत, वाटेत कशाला बघायचा?

आपण विचाराल, उशाला नागझिरा असताना एवढी यातायात कशासाठी? रास्त प्रश्न आहे. नागझिरा 1970 सालापासून अभयारण्य आहे, नवेगाव 1975 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि 2013 मध्ये दोघांचं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. फलकावरचा वाघ आमच्याकडे कधीच कमी पडलेला नाही. खऱ्याचं तसं नसतं. त्याच्यासाठी पोरांना पहाटे चारला उठवा, जिप्सीचं भाडं द्या, गाइडचं द्या, गेटचं द्या, आणि धुळीनं केस तांबडे करून घेतल्यावर ऐका, ‘आत्ताच गेला जी!’ आमच्या भागात वाघ हा प्राणी कायम आत्ताच गेलेला असतो. दिसतो तो त्याचा पंजा, वाळूत. पंजा बघून पोरांचं समाधान होत नाही.

एवढंच कशाला, वाघीण बाहेरून आणायची पाळीसुद्धा आमच्यावर आली. 20 मे 2023 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी गाडीत घालून आणल्या, गळ्यात कॉलर बांधून नागझिऱ्यात सोडल्या. देशभर तांदूळ पाठवणारा जिल्हा वाघ मात्र बाहेरून मागवतो. बातमी ऐकून आमच्या आईनं पहिला प्रश्न विचारला, ‘सासर पसंत हाये का त्याइले?’

आणि जो आमचा होता तो राहिला नाही. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ 2013 मध्ये आपल्या पायानं उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, तिथं नाव काढलं, त्याला बघायला मोठमोठी माणसं आली, आणि एप्रिल 2016 नंतर तो कुणाला दिसला नाही. कॉलरचा सिग्नलही बंद. आमच्याकडच्या हुशार पोरांचं असंच होतं : इथं जन्मतात, नागपूरकडे जातात, नाव कमावतात, मग फोन लागत नाही.

आपलं तसं नाही, म्हणून आपल्यावर जीव आहे. आपण वेळेवर असता, जागेवर असता, फोटोसाठी मान वळवून बसत नाही. धाकटा विचारील, ‘काहून हालत नाही जी हा?’ त्याला समजावायचं काम आतेबहिणीकडे दिलं आहे. आपल्या पोटातलं तणीस गोंदियाकडचंच असलं पाहिजे, असा आईचा आग्रह आहे. आम्ही राईस मिलवाल्या गावचे. तणसाच्या बाबतीत आमचा पहिला हक्क मान्य व्हावा.

आपल्याच छपराखाली आमच्या शेजारची काही मंडळी असतात, त्यांनाही नमस्कार सांगा. 1870 साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीत एक घबाड लागलं : तांब्याची 424 हत्यारं आणि चांदीचे 102 पत्रे. नुसतं तांबंच पावणेचारशे किलोच्या घरात, वय साडेतीन-चार हजार वर्षं. त्यातला काही माल लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही आपल्याकडे आला. लंडनला माल देणाऱ्या ब्लूमफिल्ड साहेबाचं नाव राहिलं. ज्यांना ते घबाड सापडलं ती पोरं इतिहासात ‘दोन गुराखी’ एवढीच उरली. गुरांचा तर उल्लेखच सोडा. पण पोरांनी ते भंगारात विकलं नाही आणि साहेबानं वितळवलं नाही, म्हणून आम्हाला आज बघायला मिळतं, हे टोमणा न मारता कबूल करतो.

आता कुणी म्हणेल, तुमच्या जिल्ह्यात असं घर का नाही? आपलं घर 1863 चं. आमचा जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, म्हणजे आपल्याहून 136 वर्षांनी धाकटा. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संग्रहालयांत गोंदियाचं नाव नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं आम्हाला दुःखही नाही. गावात संग्रहालय झालं तर नागपूरला जायला निमित्त काय उरणार? मग साड्या उघडपणे साड्या म्हणूनच घ्याव्या लागतील.

दुपारी डबा महाराजबागेत. भोसल्यांच्या काळातली बाग, आता कृषी महाविद्यालयाकडे आहे. लाखोळीच्या डाळीचे वडे, तिखट पुऱ्या, कैरीची चटणी. नागपूरचा वसंत सकाळी दहापर्यंत असतो, पुढे उन्हाळा. त्यामुळे झाडाची सावली धरायला बायको पुढे जाईल. तिथले पिंजऱ्यातले प्राणी आपले अर्धे भाऊबंद म्हणायचे : हलतात, पण कुठं जात नाहीत.

आता मुख्य विनंती. आपल्या दालनात थोडी जागा धरून ठेवावी. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आमच्या गोंदियात, थोडाफार भंडाऱ्यात. अलीकडच्या गणनांत आमच्याकडे तीसएक निघतात. विजेच्या तारांना अडकून काही जातात, बांधीत फवारलेल्या औषधानं काही. तळी आटतात ती वेगळीच. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. म्हणजे आमच्या पक्ष्याची काळजी करायलाही नागपूरच पुढे झालं. नवेगावबांधच्या रानाचंही तसंच. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. इथं वन खात्याच्या नोकरीवर आले, माधवराव पाटील डोंगरवारांच्या सोबतीनं रान फिरले, त्यावर पुस्तक लिहिलं. ते पुस्तक आम्ही नागपूरहून विकत आणलं. अजून वाचायचं आहे.

तर जागा जोडप्याची धरावी. सारस एकटा ठेवता येत नाही, ते बरं दिसणार नाही. नर मान उंचावून उभा राहिला तर जवळजवळ सहा फूट भरतो, म्हणून कपाटाची काच आत्ताच उंच करून घ्यावी. ऐनवेळी टेंडर निघत नाही. पाटीवर ‘गोंदिया जिल्हा’ एवढं ठळक लिहिलंत तर बरं. आम्ही तिकीट काढून, डबा बांधून, पोरांना घेऊन जरूर येऊ. जिवंत सारस दिसतात ते परसवाड्याचं तळं आमच्या तालुक्यातच आहे, म्हणून तिथं जाणं होत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक गोंदियाकर